दुर्बिणीची पाळी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, नाट्य, समाजकारण यांवरील विवेचन ऐकण्याची आपणां सर्वांना सवय आहे. तेव्हा अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीसाठी अर्ज कसा करावा, हा विषय आम्ही घेतला हे ऐकून पुष्कळांना नवल वाटले असेल. दिवेआगरसारख्या नारळी-पोफळीच्या गावात या विषयाचे काय काम, असा प्रश्नही कोणी मनात विचारला असेल. आमचे उत्तर असे की, हा विषय दिसतो तितका परका नाही. सामाईक विहिरीवर चार बिऱ्हाडांच्या वाड्या भिजत असतील, तर पाण्याची पाळी कशी लावावी, कोणी किती वेळ घ्यावी आणि पाळी आली असता पाट फुटका निघाला तर काय होते, हे या गावातील माणसाला शिकवावे लागत नाही. अवकाशातील दुर्बीण ही अशीच एक सामाईक विहीर आहे. फरक इतकाच की, तिच्यावर चार बिऱ्हाडे नसून साऱ्या पृथ्वीवरील खगोलशास्त्रज्ञ अवलंबून आहेत.

पूर्वी असे नव्हते. ज्याची दुर्बीण त्याचे आकाश, असा तो काळ होता. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांच्या बळावर त्यांनी तेथे १८८८ साली वेधशाळा उभी केली. वीस इंच व्यासाचा आरसा असलेली तिची दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानात मोठी गणली जाई. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. परंतु १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, त्याबरोबर वेधशाळाही बंद पडली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या आधारावर उभी राहिलेली विद्या त्या माणसाबरोबरच कशी उठून जाते, याचा हा दाखला विसरण्याजोगा नाही.

आज चित्र पालटले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या देशाची 'अॅस्ट्रोसॅट' ही अवकाश-वेधशाळा उडाली. वजन सुमारे दीड हजार किलो आणि उंची जमिनीपासून साडेसहाशे किलोमीटर. तिच्यावरील क्ष-किरण टिपणारी काही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. जंबुपार, म्हणजे हल्ली ज्यांना आपण अतिनील म्हणतो, त्या किरणांची दुर्बीण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झाली, आणि तिच्या कामात पुण्याच्या 'आयुका'चा मोठा वाटा आहे. तिला आयुष्य नेमून दिले होते पाच वर्षांचे, पण २०२५ साली तिने दहा वर्षे पुरी केली. तिचा कोणी एक मालक नाही. विद्यापीठात वा महाविद्यालयात खगोलशास्त्राचे संशोधन करणाऱ्या आणि हाती आलेल्या नोंदींचा अर्थ लावू शकणाऱ्या भारतीय माणसाला तिची पाळी मागता यावी, अशी तिची व्यवस्था ठरविण्यात आली.

परंतु मागणारे पुष्कळ आणि वेळ थोडा. २०२१ च्या नाताळच्या दिवशी उडालेल्या 'जेम्स वेब' दुर्बिणीच्या चौथ्या वर्षाच्या पाळीसाठी ऑक्टोबर २०२४ पर्यंत २,३७७ अर्ज आले आणि त्यांत मिळून सुमारे ७८,००० तासांची मागणी झाली. वर्षाचे तास असतात ८,७६०. म्हणजे एका वर्षासाठी जवळजवळ नऊ वर्षांचे मागणे! नऊ अर्जांमागे आठांना विन्मुख जावे लागणार, हे अर्ज करणाऱ्याने धरूनच चालावे लागते. अशा वेळी कोणाचा अर्ज टिकतो? आमच्या मते, ज्याने मागण्यापूर्वी हिशेब केला, त्याचा. आणि हा हिशेब करण्याची साधने आज कोणालाही फुकट मिळतात. तीच आज आपणांपुढे एकेक करून मांडावयाची आहेत.

पहिले साधन मात्र यंत्र नव्हे. ते म्हणजे प्रश्न. 'अमुक दीर्घिका फार सुंदर आहे, ती पाहावी असे वाटते', हा प्रश्न नव्हे, ही हौस झाली. 'या दीर्घिकेतील तरुण ताऱ्यांपासून निघणारे तीव्र किरण भोवतालच्या वायूतून बाहेर निसटतात की तेथेच अडतात?' हा प्रश्न झाला, कारण त्याला होय किंवा नाही असे उत्तर येऊ शकते, आणि दोहोंपैकी कोणतेही उत्तर आले तरी आपल्या ज्ञानात भर पडते. अर्जाचे पहिले पान याच कसोटीवर तोलले जाते. तेथे पाल्हाळाला जागा नसते, पाने मोजून दिलेली असतात. या गावच्या लोकांना याबाबतीत एक नमुना जवळच आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट मराठी भाषेच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. तांब्याच्या पत्र्यावर लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षरासाठी घाव घालावा लागतो, आणि घाव घालून लिहिणारा माणूस वायफळ लिहीत नाही. अर्ज लिहिणाऱ्याने आपण पत्र्यावर कोरतो आहोत असे समजूनच लिहावे.

दुसरे साधन म्हणजे संग्रह. आपण जे पाहू म्हणतो ते आधी कोणी पाहून ठेवले आहे काय, हे तपासणे अर्जदाराचे पहिले कर्तव्य. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे 'सिंबाद' नावाची एक प्रचंड खतावणी आहे. ताऱ्याचे नाव घालताच त्याचे स्थान, तेजस्विता आणि त्याच्यावर कोणी काय लिहिले याची यादी समोर येते. दीर्घिकांसाठी अशीच दुसरी खतावणी अमेरिकेत आहे. हबल दुर्बिणीने १९९० पासून घेतलेल्या नोंदी बाल्टिमोरच्या संग्रहात आहेत, आणि अॅस्ट्रोसॅटच्या नोंदी बंगळूरजवळ ब्यालालू येथे इस्रोच्या भांडारात आहेत. रिवाज असा की, ज्याची पाळी त्याने काही महिने त्या नोंदी स्वतःपाशी ठेवाव्यात आणि मुदत संपल्यावर त्या सर्वांच्या व्हाव्यात. यामुळे दोन गोष्टी साधतात. झालेले काम पुन्हा होत नाही, आणि ज्याला पाळी मिळाली नाही त्यालाही दुसऱ्याच्या नोंदींतून नवा अर्थ काढता येतो. विहिरीचे पाणी एकाने शेंदले आणि ते सर्वांच्या वाडीला पोचले, असा चमत्कार फक्त विद्येच्या क्षेत्रातच घडतो.

तिसरे साधन आहे पंचांग. आपल्या कोळी बांधवांना भरती-ओहोटीचे गणित तोंडपाठ असते. होडी कधी लोटावी हे त्यावर ठरते. दुर्बिणीचेही तसेच आहे. अॅस्ट्रोसॅट सुमारे अठ्ठ्याण्णव मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी करते, म्हणजे दिवसातून चौदा-पंधरा वेळा तिला सूर्योदय आणि सूर्यास्त दिसतो. फेरीच्या बऱ्याच भागात पृथ्वीच आड येते. सूर्याच्या जवळपास दुर्बीण वळविता येत नाही. तसे केल्यास नाजूक उपकरणे जायबंदी होतील. म्हणून सूर्यापासून पंचेचाळीस अंशांच्या आतले आकाश तिला वर्ज्य आहे. शिवाय दक्षिण अटलांटिक महासागरावर विद्युत्भारित कणांचा असा एक पट्टा आहे, की त्यातून जाताना उपकरणे बंद ठेवावी लागतात. त्या पट्ट्याचा उपद्रव कमी व्हावा म्हणूनच तिची कक्षा विषुववृत्ताशी अवघ्या सहा अंशांनी कललेली ठेवली आहे. ही सारी पथ्ये पाळून अमुक तारा अमुक महिन्यांत दिसेल की नाही, हे सांगणारे गणित संगणकावर तयार मिळते. ताऱ्याचे स्थान घालावे आणि तारखा वाचाव्यात. वेब दुर्बीण तर सूर्याकडे पाठ करूनच उभी असते, त्यामुळे आकाशातील कित्येक ज्योती तिला वर्षातून दोनच वेळा काही आठवडे दिसतात. हे पंचांग न पाहता केलेला अर्ज म्हणजे ओहोटीच्या वेळी होडी लोटण्यासारखे आहे.

चौथे साधन हे सर्वांत महत्त्वाचे. त्यावर आम्ही थोडे अधिक थांबू. ते म्हणजे वेळेचा अंदाज बांधणारे गणित. किती तास मागावेत? थोडे मागितले तर काहीच दिसणार नाही आणि पाळी फुकट जाईल. फार मागितले तर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढल्यासारखे होईल, आणि समिती तो अर्ज बाजूला ठेवील. हा अंदाज कसा बांधतात? दुरून येणारा प्रकाश हा पावसाच्या थेंबांसारखा तुटक तुटक कणांनी येतो. अंगणात वाटी ठेवून एका मिनिटात शंभर थेंब पडले, म्हणजे दुसऱ्या मिनिटातही नेमके शंभरच पडतील असे नाही. कधी नव्वद, कधी एकशे दहा. मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ हा त्या अनिश्चिततेचा अदमास. शंभराचे वर्गमूळ दहा, म्हणजे चूक शेकडा दहाची. आता चौपट वेळ वाटी ठेवली आणि चारशे थेंब मिळाले, तर वर्गमूळ वीस, म्हणजे चूक शेकडा पाचाची. लक्षात घ्या, वेळ चौपट केला तेव्हा चूक फक्त निम्मी झाली! शेकडा एकाची अचूकता हवी असेल तर दहा हजार थेंब हवेत, म्हणजे पहिल्या वाटीच्या शंभर पट वेळ. दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्याला हा नियम एकदा मनोमन पटला, की तो हवी तेवढीच अचूकता मागतो, अधिक मागत नाही. काटकसर कशी करावी हे त्याला वर्गमूळच शिकविते. प्रत्येक उपकरणाचे असे गणित तयार असते: ताऱ्याची तेजस्विता घाला, उपकरणाचे नाव घाला, आणि सेकंदाला किती कण पडतील ते पाहा.

पण वाटीत केवळ आपल्या हव्या त्या ढगाचे थेंब पडत नाहीत. झाडावरचेही ठिबकत असतात. हा जो नको असलेला ठिबका, त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट म्हणतात. याचे महत्त्व समजण्यासाठी आपल्याच रायगड जिल्ह्यातील अलिबागला जाऊ. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी कित्येक वर्षे होत असत. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम यावयाच्या ठरल्या, आणि त्या विजेने चुंबकसूच्या थरथरणार हे स्पष्ट झाले. तेव्हा १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली, आणि तिच्या इमारतींना चुंबकत्व नसलेलेच साहित्य वापरले. सूची तीच, पृथ्वीही तीच. केवळ गोंगाट टाळण्यासाठी एवढा खटाटोप! सूक्ष्म गोष्ट ऐकावयाची तर कान मोठा असून भागत नाही, भोवताली शांतताही लागते.

अॅस्ट्रोसॅटने हेच सिद्ध करून दाखविले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिची जंबुपार दुर्बीण आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे अठ्ठावीस तासांहून अधिक काळ लावण्यात आली. हे तास सलग नव्हेत. फेरीमागून फेरी थोडे थोडे करून साठविलेले. आयुकाचे कनक साहा आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांनी पुढे सुमारे दोन वर्षे त्या नोंदी निरखून पाहिल्या. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांचा निबंध 'नेचर अॅस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून तीव्र जंबुपार किरण बाहेर निसटत आहेत, असे त्यात दाखविले होते. हाच आकाशाचा तुकडा हबलनेही पाहिला होता. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तर आपल्या जंबुपार दुर्बिणीचे आरसे केवळ साडेसदतीस सेंटिमीटरचे. तरीही मोठीला जे गवसले नाही ते धाकटीला गवसले, कारण तिच्या उपकरणात गोंगाट फारच कमी होता. आमची आपणांस विनंती आहे की, या गोष्टीकडे केवळ अभिमानाने पाहू नये, तर शहाणपणानेही पाहावे. साधन लहान आहे म्हणून हातपाय गाळू नयेत. आपल्या साधनाचे बळ नेमके कशात आहे ते ओळखून त्याला साजेसा प्रश्न विचारावा.

पाचवे साधन सावधगिरीचे. ही जंबुपार दुर्बीण एकेक प्रकाशकण मोजणारी असल्याने तिला उजेडाचे अजीर्ण होते. एका वेळी तिच्या नजरेत जवळजवळ पूर्ण चंद्रबिंबाएवढे आकाश मावते. तेवढ्या जागेत कोठेही एखादा तेजस्वी तारा लपलेला असेल तर उपकरणाला अपाय व्हावयाचा. म्हणून अर्जदाराने आपल्या ताऱ्याचीच नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही चौकशी करावी लागते. २००३ ते २०१३ या काळात 'गॅलेक्स' नावाच्या उपग्रहाने आकाशाच्या मोठ्या भागाची जंबुपार पाहणी केली होती, तिचा येथे उपयोग होतो. जेथे ती नाही तेथे साध्या प्रकाशातील ताऱ्यांच्या यादीवरून अदमास काढतात. त्यासाठीही आयते गणित आहे. शिवाय उपकरणांची प्रकृती कशी आहे तेही पाहावे लागते: या दुर्बिणीच्या तीन शाखांपैकी एक २०१८ साली बंद पडली, तेव्हा तिच्या भरवशावर आखलेले बेत बदलणे भागच होते.

ही पाचही साधने हाताळून झाली, की अर्ज भरावयाचा. तोही संगणकावरच. अॅस्ट्रोसॅटच्या अर्जांची ही सारी यंत्रणा पुण्याच्या आयुकात तयार झाली, हे आपणां महाराष्ट्रीयांना ठाऊक असावे. मग एक समिती विज्ञान तपासते, दुसरी तांत्रिक बाजू तपासते. येथे एक शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात आली असेल. समिती म्हटली की वशिला आला. मोठ्या विद्यापीठाच्या मोठ्या प्राध्यापकापुढे तालुक्याच्या गावच्या माणसाचा अर्ज कोण वाचणार? ही शंका निराधार नाही, म्हणूनच तिच्यावर उपाय शोधण्यात आला. २०१८ सालापासून हबलच्या अर्जांवरील नावे परीक्षकांपासून झाकून ठेवली जाऊ लागली. अर्जदार कोण, कोठला, स्त्री की पुरुष, हे परीक्षकाला कळत नाही. 'आम्ही मागे असे दाखविले आहे' अशी भाषाही अर्जात वापरावयाची नाही. स्वतःच्या निबंधाचा उल्लेखही परक्याच्या निबंधासारखा करावयाचा. आम्ही व्याख्याते मंडळी पदोपदी 'आम्ही, आम्ही' करणारी. आमची तर तेथे पंचाईतच व्हावयाची! पण परिणाम पाहा. पूर्वी वर्षानुवर्षे पुरुषांच्या अर्जांना किंचित अधिक यश मिळत असे. नावे झाकल्यावरच्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या अर्जांपैकी शेकडा ८.७ आणि पुरुषांच्या अर्जांपैकी शेकडा ८.० मंजूर झाले. पुढे पहिल्यांदाच पाळी मिळविणाऱ्यांची संख्याही वाढली. परीक्षकांची चर्चा माणसावरून हटून विषयावर आली. हबल आणि वेब यांच्यासाठी अर्ज करावयास कोणत्याही देशाचे बंधन नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

सारेच अर्जाने आणि बहुमताने ठरते असे मात्र नाही. थोडा वेळ संचालकाच्या मुखत्यारीत ठेवलेला असतो. डिसेंबर १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या वाट्याचे दहा दिवस सप्तर्षींच्या बाजूच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या जागी खर्च केले. ती जागा चंद्रबिंबाच्या रुंदीच्या बाराव्या हिश्शाएवढी. काहीच दिसले नाही तर हसे होईल, असे कित्येक नामांकितांचे मत होते. त्या रिकाम्या जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या, आणि विल्यम्स यांनी त्या नोंदी स्वतःपाशी न ठेवता लगोलग जगाला देऊन टाकल्या. कोठे अकस्मात एखादा तारा फुटला, तर त्यासाठीही तातडीची पाळी मागता येते. नियम असावेत, पण नियमांत धाडसाला आणि अवचिताला जागा असावी, हा यातला बोध केवळ दुर्बिणीपुरता नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा सारा प्रपंच केला. आयुका १९८८ साली स्थापन झाली ती विद्यापीठांसाठी. जयंत नारळीकरांनी तिचा पाया घालताना उत्तम साधने थोड्यांच्या हाती न राहता महाविद्यालयांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांपर्यंत पोचावीत हाच हेतू धरला होता. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेले. नायगमवालांबरोबर वेधशाळा उठून गेली, तसे नारळीकरांबरोबर काही उठून गेलेले नाही. दार उघडेच आहे. पण उघडे दारही ज्याला ठाऊक नाही त्याच्या लेखी बंदच असते. आमच्या कोकणातील हुशार मुलामुलींना परीक्षेच्या अर्जाची तारीख पाठ असते, नोकरीच्या अर्जाचा नमुना ठाऊक असतो. पण आकाशासाठीही अर्ज असतो आणि तो भरण्याची साधने त्यांच्या खिशातील यंत्रावर फुकट उघडतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे हे आपणां वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आमची येथील शिक्षकांना एक सूचना आहे. वरच्या वर्गातील चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एक तारा वा दीर्घिका निवडावी, तिच्याविषयी एका वाक्यात प्रश्न लिहावा, संग्रहात चौकशी करावी, पंचांग काढावे, वर्गमुळाच्या नियमाने वेळ मागावा, आणि हे सारे दोन पानांत बसवावे. मग नावे झाकून एका गटाने दुसऱ्याचा अर्ज तपासावा. हे अर्ज कोठे पाठवावयाचे नाहीत. पण नेमके मागावयास शिकलेला मुलगा, आपल्या मागण्याने दुसऱ्याचा किती वेळ जातो याचा विचार करणारी मुलगी, आणि नकार आल्यावर अर्ज फाडून न टाकता सुधारून पुन्हा लिहिणारी तरुण पिढी, ही त्या दोन पानांतून तयार होईल. पुढे त्यांतील एखाद्याने खरोखरच पाळी मिळविली, तर ते गावाचे भाग्य. आणि कोणालाच मिळाली नाही, तरी सामाईक विहिरीवर कसे वागावे हे कळलेले नागरिक गावाला मिळतील. तो लाभ लहान नव्हे.